घुंगराचं माकड

होळी झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच निरोप फिरायला लागतो : माकडं आलीत, खिडक्या लावून घ्या. त्यापाठोपाठ फोटो येतात. कुणाच्या बाल्कनीतली कुंडी उपटलेली, कुणाचा टॉवेल पाण्याच्या टाकीवर. मग चर्चा. एक म्हणतो फटाके लावा, दुसरा म्हणतो वॉचमनला गलोल द्या, तिसरी बाई हात जोडलेलं चित्र टाकून बजरंगबलीचं नाव घेते आणि पाचच मिनिटांनी तिच्याच घरातली केळी गेल्याचं कळवते. मी त्यात कधी काही लिहीत नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, तू तर याच डोंगराखाली वाढलीस ना, तुला काहीतरी उपाय माहीत असेल." उपाय मला माहीत आहे. तो आम्ही केला होता आणि तो शंभर टक्के लागू पडला होता. म्हणूनच मी खिडक्या लावते आणि गप्प बसते.

मुलुंडच्या पश्चिमेला डोंगर जिथे वस्तीत उतरतो, तिथे आमची बैठी चाळ होती. वर पत्रे, पुढे सिमेंटचा कट्टा, मागच्या दाराबाहेर थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे थेट जंगल. पाहुणे दिवसा यायचे, "काय हवा आहे हो तुमच्याकडे" म्हणायचे आणि काळोख पडायच्या आत निघायचे. चाळीतली बहुतेक घरं आमच्यासारखीच, कोकणातून गिरणीसाठी मुंबईत आलेली. सकाळी सगळ्या घरांतून एकाच वेळी नारळ खवल्याचा आवाज यायचा. दुपारी एका टोकाला सुका बांगडा भाजला की दुसऱ्या टोकाच्या माणसाला भूक लागायची. उन्हाळा म्हणजे आईच्या कामाचा मोसम. पापड, आमसुलं, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, असं सगळं करून ती ओळखीच्या घरांत विकायची. कट्ट्यावर जुनी लुगडी अंथरून त्यावर पापड वाळत असायचे आणि मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन राखणीला. हे सगळं घडलं त्या वर्षी माझी नववी होती. अभ्यास झाला नाही याचं खापर मी पापडांवर फोडायचे आणि पापड मोडले याचं अभ्यासावर.

बाबा गिरणीत फिटर होते. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, दुरुस्त करायचे. त्यांनी आवळलेला नट दुसऱ्या माणसाला सुटत नाही अशी त्यांची खात्यात ख्याती होती आणि ती ते स्वतःच आम्हांला वरचेवर सांगायचे. घरातसुद्धा काही बांधायचं, ठोकायचं असलं की त्यांचं काम कायमचं असायचं. आईच्या पोळपाटाचा हलणारा पाय त्यांनी एकदा असा बसवला की पुढे पोळपाट झिजला, पाय हलला नाही. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी काही ना काही धरलं. कुणी रिक्षा चालवायला घेतली, कुणी रखवालदार झाला. बाबांनी काहीच धरलं नाही. ते दाढी करेनासे झाले. कट्ट्यावर बसेनासे झाले, कारण कट्ट्यावर गिरणीचाच विषय. शिमग्याला गावी जायचं त्यांनी बंद केलं. "लोक इचारतले, काय करतंस? मी काय सांगू?" एवढंच ते म्हणाले. सकाळी उन्हं पार आत आली तरी ते अंथरुणावर जागे पडलेले असायचे. जागा माणूस झोपल्यासारखा पडून राहतो तेव्हा सगळं घर पाय न वाजवता चालायला लागतं. आम्ही तसं चालायला शिकलो होतो.

त्यांना आईनेच उठवलं. ती एकटी गावी जाऊन आली आणि येताना गोणपाटात गुंडाळून केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, घेऊन आली. ते तिने बाबांच्या उशाशी ठेवले, मातीसकट. म्हणाली, "आज लावलास नाय तर सुकतले. माका वेळ नाय." आणि खरंच पापड लाटायला निघून गेली. बाबा बराच वेळ तसेच पडून होते. मग उठले, मागच्या दारी गेले आणि दगड काढायला लागले.

त्या दगडांतून त्यांनी जी वाडी उभी केली ती बघायला लोक यायचे. केळी, अळू, दोन पपया, शेवगा, वालीचे वेल, लाल माठाचा वाफा. सांडपाण्याला त्यांनी अशी वाट काढून दिली होती की आमच्या मोरीत तांदूळ धुतले की पाणी थेट केळीच्या बुंध्याशी जायचं. पहाटे उठून ते पहिल्यांदा मागचं दार उघडायचे. दाढी परत सुरू झाली. चहा पिताना मला सांगायचे, तिसऱ्या केळीने नवीन पान सोडलंय, ये बघायला. मी कंटाळून जायचे, पान बघायचे आणि छान म्हणायचे. गिरणीचं नाव ते घ्यायचे नाहीत. आमच्या घरात पुन्हा भांडी पडू लागली, रेडिओ लागू लागला, आई मोठ्याने माझ्यावर ओरडू लागली. मला तेव्हा ते ओरडणंसुद्धा गोड लागलं.

आणि मग पहिल्या केळीने घड टाकला आणि उन्हाळा आला.

माकडं दर उन्हाळ्यात यायचीच. डोंगरातलं पाणी आटलं, झाडांवर खायचं काही उरलं नाही, की ती खाली उतरायची आणि पावसाळा लागला की परत जायची. आधी पत्र्यावर एकच धप्प व्हायचं. मग जरा शांतता. पोळीचं पीठ मळणारी आईसुद्धा हात थांबवून वर बघायची. आणि मग सगळ्या चाळीचे पत्रे एकदम वाजायला लागायचे. ती पापड खात नसत, फक्त मोडत. मसाल्याच्या मिरच्या उधळायची आणि मग स्वतःच शिंकत बसायची, तेव्हा आम्हांला हसू यायचं. पण वाडी झाल्यापासून हसू संपलं. कच्च्या केळ्याचा त्यांना काय उपयोग? तरी ती घडाला लटकायची, एकेक केळं तोडून चावायची, थुंकायची आणि दुसरं तोडायची. पपयांचे शेंडे मोडले. वालीच्या वेलांवर पिल्लं झोके घ्यायची.

बाबांनी काय केलं नाही? रिकामे डबे बांधून दोरीने वाजवले. स्वतःचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी एक म्हातारं माकड त्याच्या खांद्यावर बसून उवा मारत होतं. फटाके लावले, तर फक्त चाळीतली तान्ही मुलं घाबरली. घडाला गोणपाट गुंडाळलं, त्याच्यावर काटेरी फांद्या बांधल्या. शेवटी काठी घेऊन ते स्वतःच केळीखाली बसायला लागले. जेवणसुद्धा आई तिथेच नेऊन द्यायची. पण माणसाला कधीतरी उठावं लागतं. एकदा ते संडासाच्या रांगेत उभे होते तेवढ्यात टोळी उतरली. परत आले तेव्हा घड जमिनीवर होता आणि केळीचं झाड मधोमध वाकून मोडलं होतं. त्यांनी शिवी दिली नाही, काठी उचलली नाही. चावलेली केळी एकेक करून पाटीत भरली, पाटी मोरीजवळ ठेवली आणि आत येऊन भरदुपारी अंथरूण घातलं.

आई माझ्याजवळ मसाला कुटत होती. तिने मुसळ बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शैला, तुझो बापूस सकाळी उठता तो ह्या झाडांसाठी उठता. उद्या झाडां गेली, तर माका तेका उठवूक येवचा नाय." तिला रडताना मी पाहिलेलं नव्हतं आणि तेव्हाही ती रडली नाही. तिने मुसळ परत उचललं. केळी माकडं खातात की आम्ही, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला बाबा उठलेले हवे होते.

उपाय सांगितला तो तात्याने. तात्या शेजारच्या खोलीत राहायचा, बाबांच्या गावचा, त्यांच्याच वयाचा, बोलका. संध्याकाळी तो दारात येऊन बसला आणि आत अंधारात पडलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा बेताने आईशी बोलायला लागला. "गावाक आमचो आजो काय करी म्हायत हा? एक माकाड पकडी आणि तेच्या गळ्यात घुंगूर बांधून सोडून देय. तां गेला आपल्या माणसांत की घुंगूर वाजता. बाकीची भियान पळतत. ह्यां तेंच्या पाठी, ती ह्येच्या फुडे. मगे त्या वाटेक कोण येवचा नाय."

आतून बाबांचा आवाज आला, "मारूचा नाय मा तेका?"

"छ्या! मारुतीक कोण मारतलो? घुंगूर माझ्या ट्रंकेत हा. आमच्या बैलाचो."

बाबा उठून बसले. आईने माझ्याकडे बघितलं आणि चुलीवर चहा ठेवला. त्या रात्री दोघं मित्र बेत करत बसले आणि बाबा हसल्याचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

शनिवारी पकडायचं नाही, तो मारुतीचा वार, एवढं आईने बजावलं. म्हणून रविवार ठरला. मोरीत पिकलेली केळी ठेवली, मोरीच्या दाराला दोरी बांधली आणि आम्ही सगळे आतल्या खोलीत श्वास धरून बसलो. टोळी आली. मोठी माकडं शहाणी, ती दारात येऊन वास घेऊन परत गेली. एक पोरगेलं तेवढं आत शिरलं. आईला सोडून नुकतंच एकटं हिंडायला लागलेलं असावं. बाबांनी दोरी ओढली. मग जे किंचाळणं सुरू झालं ते मी विसरलेले नाही. आत ते आणि बाहेर भिंतीवर त्याची आई. तात्याने त्याच्यावर गोणपाट टाकून त्याला धरलं, फक्त मान आणि एक हात बाहेर होता. तो हात अगदी लहान मुलाचा असावा तसा होता, नखांत माती असलेला. तो हवेत काहीतरी धरू पाहत होता आणि पीठ माखल्या हाताने उभ्या असलेल्या आईचं बोट त्याच्या हाती लागलं. त्याने ते घट्ट धरलं. आई म्हणाली, "बेगिन करा रे काय ता."

तात्याने सुंभ मागितलं. काथ्याची ती दोरी गावाला घरोघर असते, मुंबईच्या चाळीत कुठून असणार? तात्या म्हणाला नायलॉनची बघा. बाबा म्हणाले, "दोरी कित्याक? चावून तोडतला." आणि त्यांनी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तिच्यात जुन्या मोटारीची तांब्याची तार होती. त्यांनी ती दुहेरी केली, घुंगरात ओवली, त्याच्या मानेभोवती बोट जाईल एवढी जागा ठेवली आणि पकडीने पीळ मारला. मग आणखी एक पीळ. टोकं आत वळवून, टोचणार नाहीत अशी दाबून टाकली. काम करताना ते त्या पिल्लाशी हळू आवाजात बोलत होते, "झाला, झाला, सोडतंय हां तुका." सगळं झाल्यावर त्यांनी तार ओढून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "आता ह्यां जल्मात सुटूचा नाय." चाळीतली माणसं दारात जमली होती. सगळे हसले. गिरणी बंद पडल्यापासून बाबांच्या हातांनी पहिल्यांदा त्यांचं खरं काम केलं होतं, आणि ते किती छान केलं होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

गोणपाट काढलं. ते पिल्लू भिंतीवर उडी मारून थेट आपल्या आईकडे धावलं. घुंगूर वाजला. आई दचकली. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओठ मागे घेऊन दात दाखवले आणि ती पळाली. ते तिच्यामागे गेलं. मग पत्र्यांवरची सगळी टोळी उठली आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर करत डोंगराकडे सुटली, आणि त्यांच्यामागे तो आवाज, छुन छुन छुन. चाळीत टाळ्या पडल्या. कुणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "झकास काम केलंत, मानलं तुम्हांला." पोरं तर दिवसभर एकमेकांच्या मागे छुन छुन करत धावत होती. आईने त्या दिवशी खापरोळ्या केल्या, नारळाच्या रसात बुडवून आम्ही त्या पोट फुटेपर्यंत खाल्ल्या आणि तात्याच्या घरी ताट गेलं.

त्यानंतर पत्रे वाजले नाहीत. पापड अख्खे वाळले. दुसऱ्या केळीचा घड भरायला लागला आणि बाबा रोज त्याच्यावर हात फिरवून बघायचे. ते कट्ट्यावरही बसायला लागले. लोक लांबून येऊन त्यांना युक्ती विचारायचे आणि ते ती सविस्तर सांगायचे, तारेच्या पिळासकट. ते थोडे दिवस आमच्या घरातले सर्वांत सुखाचे दिवस होते, असं मला आजही वाटतं आणि तसं वाटल्याबद्दल वाईटही वाटतं.

मग एका दुपारी मी एकटीच कट्ट्यावर असताना वरून आवाज आला. छुन. एकदाच. मला वाटलं टोळी आली, म्हणून मी काठी घेऊन उठले. टोळी नव्हती. आमच्या पत्र्याच्या कडेला तेवढं ते एकटं बसलं होतं. ते काही मोडत नव्हतं, काही मागत नव्हतं. गुडघे जवळ घेऊन डोंगराकडे बघत बसलं होतं आणि मान वळवली की घुंगूर वाजायचा, की ते पुन्हा स्थिर व्हायचं. आपण हललो की आवाज होतो आणि आवाज झाला की सगळे जातात, एवढं त्याला कळलं असावं. म्हणून ते हलायचंच नाही.

ते रोज यायला लागलं. चाळीतल्यांना आधी मजा वाटली, मग वैताग. "अहो, तुमचा जावई आलाय बघा," असं बाबांना चिडवायचे. बाबा पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. डोंगरात दूर कुठेतरी टोळीचा कलकलाट ऐकू आला की ते उठून धावत जायचं. आम्हांला घुंगूर डोंगर चढताना ऐकू यायचा, मग तो कलकलाट एकदम फुटून लांब लांब जायचा, आणि काही वेळाने घुंगूर एकटाच हळूहळू खाली यायचा. आई भात वाढता वाढता थांबायची. बाबा ताटावरून उठायचे.

त्यांनी त्याला पकडायचा खूप प्रयत्न केला. मोरीत पुन्हा केळी ठेवली, पण ते आता दाराच्या आसपाससुद्धा फिरकेना. बाबा वाडीत हातावर शेंगदाणे घेऊन उन्हात तासन्‌तास बसायचे. ते वरून बघायचं. पिकत आलेला घड बाबांनी मुद्दाम उघडा ठेवला, गोणपाट काढून. त्याने तो खाल्ला नाही. आपल्या घोळक्याशिवाय खावंसंच वाटत नसेल. तार त्याने ओढून ओढून मानेत रुतवली होती. तिथले केस गेले होते आणि माश्या बसायच्या. एकदा तात्या जवळ उभा होता. बाबा त्याला म्हणाले, "तात्या, गावाक तेचा पुढे काय होय रे?"

तात्या जरा घुटमळला. म्हणाला, "आजो सुंभान बांधी. सुंभ पावसात कुसता, पडता. मगे घेतत तेका परत."

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मला तात्याचा संताप आला. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण त्याच्याही ते आधी लक्षात आलं नसणार. गावाला दोरी म्हणजे सुंभच, त्यात सांगण्यासारखं काय असतं!

शेवटी ते माझ्या आईकडे आलं. ती मागच्या दारी आमसुलं उलथत होती. ते भिंतीवरून उतरलं, उतरलं म्हणजे जवळजवळ पडलंच, आणि तिच्या पाण्याच्या तांब्याशी येऊन तोंड घालायला लागलं. आई जागची हलली नाही. तिने नुसती हाक मारली, "पकड आणा." बाबा पकड घेऊन आले, पण पीळ त्यांना उलगडेना. स्वतःच आत दाबून बसवलेली टोकं त्यांना सापडेनात. आईने एका हाताने त्याचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने पकड घेतली आणि तार तोडली. घुंगूर आमसुलांत पडला. त्या जखमेला आईने हळद लावली. ते ओरडलं नाही. ते ओरडायला हवं होतं, असं मला वाटलं.

पिल्लाला थोडं बरं वाटल्यावर बाबा म्हणाले, आता त्याला त्याच्या माणसांत सोडून येऊ. आवाज गेला, आता घेतील. ते इतक्या आशेने बोलत होते की मीही त्यांच्याबरोबर निघाले. त्याला पाटीत घालून, वर आईचं लुगडं झाकून आम्ही डोंगर चढलो. वर एका खडकाच्या खाचेत पाणी टिकून असायचं, तिथे टोळी यायची. बाबांनी पाटी ठेवली, लुगडं काढलं आणि आम्ही झाडामागे बसलो.

टोळी पाण्यावर उतरली. माकडं या वेळी पळाली नाहीत. ते पिल्लू हळू चालत पाण्याकडे गेलं, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं. बाबांनी माझा हात धरला. मग मोठा नर उठला, धावत आला आणि त्याने त्याला चावून खडकावरून खाली लोटलं. ते पुन्हा वर चढलं. आणखी दोघं आले. त्याची आई कोणती ते मी लगेच ओळखलं, कारण ती एकटीच जागेवरून उठली होती. पण ती पुढे आली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि परत खाली बसली. तिच्या पोटाला आता नवीन पिल्लू होतं. घुंगराशी त्यांचं भांडण उरलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत ते पिल्लूच त्यांचं राहिलं नव्हतं, बस्स.

आम्ही उतरायला लागलो तर ते आमच्यामागे यायला लागलं. बाबा थांबले की ते थांबायचं. बाबा ओरडले, "जा! जा रे, थंय जा!" ते बसलं. बाबांनी दगड उचलला. त्या उन्हाळ्यात त्यांनी माकडांना मारलेल्या दगडांची गणती नव्हती, पण हा त्यांच्या हातून सुटेना. त्यांनी तो तसाच खाली टाकला आणि पायवाटेवर मटकन बसले. मोठ्या माणसाने असं रडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता. आमच्याकडे मुली बापाच्या पाठीवर हात ठेवत नसत. मी नुसती उभी राहिले. बाबा उठले तेव्हा ते मागे नव्हतं आणि पुढेही ते कधी आम्हांला दिसलं नाही.

आई दारातच उभी होती. "घेतल्यानी?"

"घेतल्यानी गो," बाबा म्हणाले. "आवशीन पोटाशी धरल्यान."

आईने हात जोडले. "बरा झाला. देवाक काळजी." रात्री तिने बाबांना आवडते म्हणून घावणे केले. बाबांनी ते सगळे खाल्ले. एकेक घास ते इतका वेळ चावत होते की माझं लक्ष माझ्या ताटावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मागचं दार बंद होतं. उन्हं आत आली, खोलीभर पसरली, दूधवाला येऊन गेला. बाबा उघड्या डोळ्यांनी अंथरुणावर पडले होते. आईने एकदा त्यांना हाक मारली, मग परत मारली नाही. तिने मला खुणेने मागच्या दारी बोलावलं. केळीखाली उभी राहून ती म्हणाली, "शैला, खरां सांग. घेतल्यानी तेका?"

मी म्हटलं, "नाही गं."

तिने मान हलवली. थोडा वेळ ती घडाकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला, बादली भरली आणि केळींना पाणी घालायला लागली. ते पाणी पुढे वाडी असेपर्यंत तिनेच घातलं.